शेषराव आबाजीचं ‘म्हणे’

अंजनगाव सुर्जीत लग्न ठरलं की मुलीचा बाप विचारतो, “नत्थुजीशेषराव मोकळे हायेत काय?” एका दमात, एकच नाव असल्यासारखं. एकदा परतवाड्याच्या एका पाहुण्याने, म्हणजे गिऱ्हाइकाने, खरंच ‘श्री. नत्थुजी शेषराव’ अशी एकच पत्रिका पाठवली. ती कोणाच्या घरी राहील यावरून दोघे म्हातारे आठ दिवस भांडले.

माणसं दोन आहेत. नत्थुजी वांग्याची भाजी करतात. शेषराव शेणाच्या गौऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजतात आणि वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, सांभाळतात. शेषराव म्हणजे माझे आबाजी, माझ्या आईचे, पायलचे, वडील. मी अमरावतीला अकरावीत आहे, पण उन्हाळा लागला की आई मला अंजनगावला पाठवून देते. माझी बडबड वर्षातले दोन महिने तरी दुसऱ्या कोणी ऐकावी, असं तिचं म्हणणं आहे.

बडबड आबाजींकडूनच आली आहे. फरक एवढाच की मी ज्याची नक्कल करते त्याचा आवाज नाकातून, घशातून, जिथून सापडेल तिथून काढते. आबाजी सगळ्यांचं बोलणं स्वतःच्याच आवाजात बोलतात, पण शब्दाला शब्द. आणि ते कोणाचं बोलणं, हे सगळ्यात शेवटी सांगतात. एकदा अमरावतीला आमच्या दारात चपला काढता काढता त्यांनी सुरू केलं, “मी आता त्या घरात एक दिवस राहत नाही. माह्यं सारं सामान बाहेर काढा. इतके वर्ष सहन केलं, आता नाही होत!” आई हातातलं लाटणं घेऊन धावत आली, डोळ्यात पाणी. आबाजींनी पाण्याचा तांब्या उचलला, अर्धा रिकामा केला आणि मग म्हणाले, “असं म्हणे ते शेजारच्या सदाशिवची भाडेकरीण. काय लडाकू बाई हाये बाप्पा!”

आईने त्या दिवशी ते लाटणं आबाजींवर उगारलं होतं.

त्यामुळे त्यांची गोष्ट ऐकायची एक रीत आहे. ‘म्हणे’ येईपर्यंत थांबायचं. नत्थुजींना ही रीत सगळ्यांत जास्त माहीत. भट्टीवर भाजी परतता परतता ते ओरडत, “अबे शेष्या, कोण म्हणे ते आधी सांग, माही भाजी लागून राहिली!”

“लागू दे. तशीबी ती लागल्याशिवाय तुही वाटत नाही.”

“अन् तुह्या रोडग्यानं काल एका पाहुण्याचा दात पडला.”

“तो दात आधीचाच हालत होता. मी मोकळा केला.”

दिवसभर असंच. दोघांपैकी एक जण गप्प बसला की वाढपी घाबरायचे.

आमच्या घरी जयभीम, नत्थुजींच्या घरी रामराम. तीस वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या लग्नात नवरदेवाच्या काकाने नत्थुजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तुमचा तो नवीन गडी आमच्या गंजाले हात लावणार नाही.” नत्थुजींनी पेटलेल्या भट्टीत बादली रिकामी केली. “गंज तुमचा तुमच्यापाशी ठेवा,” म्हणाले, आणि आबाजींना घेऊन सात किलोमीटर चालत डांबरी रस्त्याला लागले. नत्थुजी वाटेत एकच वाक्य बोलले, असं आबाजी सांगतात: “वांगे मात्र लय कवळे होते बे.” त्या दिवसापासून नावं जोडली गेली.

आता माणसं म्हातारी झालीत. नत्थुजींचा उजवा हात थरथरतो. मीठ ते मुठीने टाकतात, आणि मूठ आता त्यांचं ऐकत नाही.

एप्रिलच्या शेवटी आबाजी एका लग्नाची ऑर्डर घ्यायला एकटेच अकोल्याला गेले, जठारपेठेत. परतताना बसस्टँडवरून त्यांनी मला फोन केला. त्यांच्या फोनमध्ये माझं नाव ‘पोपट’ आहे.

“हॅलो, पोपट? जेवली काय? बरं, आयक. नत्थुजीचं आता काही खरं नाही राह्यलं. बुढा झाला तो. हात थरथर कापते त्याचा. मिठाचा अंदाज पार गेला. मागच्या पंगतीत लोकायनं भाजीत पाणी ओतून ओतून खाल्ली. कोणी तोंडावर बोलत नाही, पण सारे बोलते. किती दिवस त्याले गळ्यात बांधून फिराचं? भाजीले दुसरा माणूस पाहू. अकोल्यात काय आचाऱ्यायची कमी हाये? नत्थुजीले सांगून देऊ की तारीख पुढे गेली. बुढ्याचं मनही राहून जाते, अन् कार्यही चांगलं पार पडते...”

मी थांबले होते. मला माहीत होतं, येतंय.

“...असं म्हणे तो जठारपेठेतला पाहुणा!”

“मग तुमी काय म्हणलं आबाजी?”

“मी म्हणलं, भाऊ, नत्थ्याचा हात कापते हे मले तुमच्याआधी माहीत हाये. तीन वर्ष झाले. तो मीठ टाकते, मी चाखतो. जास्ती झालं तं आलू टाकतो, कणकेचा गोळा टाकतो, सावरतो. त्याले अजून पत्ता नाही. तुमाले नत्थ्या नको असन तं मीही नाही. रामराम. अन् उठलो. चहासुद्धा नाही घेतला बाप्पा, कपात साय आली होती चांगली.” मग आवाज खाली आला. “पोपट, नत्थ्याले हे बोलू नको हं. बुढं लय मनाले लावून घेते. मी त्याले सांगतो, तारीख पुढे गेली म्हणून.”

पाहुण्याने सुचवलेली थाप आबाजींनी उचलली आणि मित्राला वाचवायला वापरली. एवढंच त्यांचं चुकलं.

आता फोनचं सांगते. आबाजी चौथी शिकलेले. वाचतात, पण प्रत्येक अक्षरावर बोट दाबून, जणू ते पळून जाईल. म्हणून ऑर्डर लिहून घ्यायची भानगड नाही. त्यांच्या जुन्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होत असे आणि तीच त्यांची वही. किती पान, गोड काय, वरणात गूळ हवा की नको, सगळं पाहुण्याच्याच तोंडून. पण भट्टीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. तेव्हा त्यांनी बाजारातून मेमरी कार्डावर चालणारा एक लाल डब्बा आणला. गाणी वाजवायचा. त्यांना त्यात ऑर्डरी वाजवायच्या होत्या, म्हणजे सगळ्या वाढप्यांना एकदम कळेल. डब्ब्याने ऑर्डर वाजवायला साफ नकार दिला.

नत्थुजींचा मुलगा नितेशमामा जठारपेठेतच झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान चालवतो. मे महिन्यात तो घरी आला तेव्हा त्याने फोन हातात घेऊन पाहिला.

“काका, तुमच्या फाईली एएमआर हायेत.”

“अमर हायेत?”

“एएमआर. जुन्या फोनचा प्रकार हाये आवाज ठेवाचा. डब्ब्याले एमपी-थ्री लागते. बदलून घ्या लागीन.”

“अमर हायेत तं बदलाच्या कायले?”

“अबे, अमर झाला म्हणून काय झालं,” नत्थुजी म्हणाले, “डब्ब्यात मावला पाहिजे ना!”

दोघे खोकला येईपर्यंत हसले. नितेशमामा हसला नाही. त्याला विनोद कळायला आधी फॉर्म भरावा लागतो. “दुकानातल्या कम्प्युटरवर फुकटचं सॉफ्टवेअर टाकतो,” तो म्हणाला. “दोनशे फाईली एका झटक्यात बदलते. फोन न्या लागीन मात्र.”

आबाजींनी फोन दिला. लॉक नव्हतंच. नितेश म्हणजे मांडीवर खेळवलेलं पोर, त्याच्यापासून काय लपवायचं?

आठ दिवसांनी फोन परत आला, सोबत मेमरी कार्ड; फोनमधल्या जुन्या फाईली नितेशमामाने जागा करायला पुसल्या होत्या. त्याच दुपारी नत्थुजी आले. नेहमी ते कोपऱ्यावरूनच “शेष्याऽऽ” अशी हाळी देत. त्या दिवशी चपलांचा आवाज आला तेवढाच. मागे मनकर्णा आजी, म्हणजे नत्थुजींची बायको, पदर तोंडाला लावून.

नत्थुजींनी स्वतःचा मोबाईल ओट्यावर ठेवला आणि बटन दाबलं. “नितेशनं पाठवलं,” म्हणाले. “आयक.”

‘हॅलो, पोपट? जेवली काय? बरं, आयक. नत्थुजीचं आता काही खरं नाही राह्यलं...’

आबाजी ऐकत होते. सुरुवातीला तर हसलेच, स्वतःची गोष्ट स्वतःच ऐकतोय म्हणून. बुढा झाला. मिठाचा अंदाज गेला. गळ्यात बांधून फिराचं. नत्थुजींची मान खाली होती. उजवा हात त्यांनी डाव्या काखेत दाबून धरला होता. ‘बुढ्याचं मनही राहून जाते, अन् कार्यही...’

आणि फाईल संपली. ‘कार्यही’वर. जणू कोणी विळीवर देठ कापावा तशी.

“अबे, पुढं हाये ना!” आबाजी म्हणाले. “पुढं ‘म्हणे’ हाये. तो जठारपेठेतला पाहुणा असा म्हणे!”

“कुठं हाये? दाखव.”

“फाईल तुटली असन.”

“नेमकी तिथंच तुटली?” नत्थुजींनी पुन्हा बटन दाबलं, पुन्हा ‘कार्यही’. “तारीख पुढे गेली, असं तूच मले सांगतलं ना? तुह्याच तोंडानं? नितेशनं डोळ्यानं पाह्यलं, त्याच तारखेले लग्न झालं. त्या दिवशी तू गावात नव्हता. कुठं गेला होता?”

“अमरावतीले. पायलपाशी.”

“पायल तुहीच पोरगी हाये.”

मला राहवेना. मी पुढे झाले आणि उरलेलं सगळं म्हणून दाखवलं. आबाजींच्या आवाजात, त्यांच्या श्वासासकट, ‘रामराम, अन् उठलो’, कपातली सायसुद्धा. आयुष्यात इतकी हुबेहूब नक्कल मी कधी केली नसेल. कुठे चुकलं माहीत आहे? हुबेहूब झाली.

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “पोपट हाये ते,” आबाजींना म्हणाले. “मागच्या खेपेले माह्या आवाजात त्यानं दूधवाल्याले उद्या दूध नको म्हणून सांगतलं होतं. आता तुह्या आवाजात बोलून राहिलं. मशीन मात्र खोटं नाही बोलत शेषराव.”

“नत्थ्या, तू मले इतके वर्ष आयकून राहिला. माह्यं बोलणं कसं असते...”

“आयकलं ना. आताच आयकलं.”

मनकर्णा आजी दारातच उभी होती. जाताना एवढंच म्हणाली, “भाऊजी, सांगाचं होतं तं तोंडावर सांगाचं होतं. म्हाताऱ्याले काही खायाले दिलं तं खात नाही कालपासून.” तिच्या तोंडून ‘ळ’ निघत नाही. ‘डोळे’ला ती ‘डोये’ म्हणते. आणि तिचे डोये लाल होते.

त्यानंतर नत्थुजींनी काम सोडलं. आबाजींनी सोडलं नाही. गावात गोष्ट कोणी सांगितली नाही आणि सगळ्यांना कळली. पानठेल्यावर कोणी म्हणे, शेषरावनं बुढ्याले बाजूले सारलं. आबाजी ऐकत आणि पुढे जात. भाजीला दुसरा माणूस त्यांनी घेतला नाही. “घेतला तं लोक म्हणतीन, हे पाहा, तेच करून राहिला,” मला म्हणाले. भाजीही स्वतः करायचे आणि रोडगेही. भाजीकडे वळले की रोडगे जळत, रोडग्यांकडे वळले की भाजी पाणचट होई. गोष्टी सांगणं मात्र बंद. आठ दिवसांत त्यांनी कोणाचंही बोलणं बोलून दाखवलं नाही. मी मुद्दाम विचारायची, “आज तो किराणेवाला काय म्हणे आबाजी?” ते म्हणायचे, “काही नाही म्हणे.” ज्याच्या आधी गोष्टच नाही असं ‘म्हणे’ मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

जूनमध्ये सुर्जीत एक बारसं होतं. दोनशे पान, म्हणजे दोनशे माणसं. वाढपी जमले, आबाजींनी लाल डब्ब्यात कार्ड टाकलं. डब्बा बाईच्या आवाजात बोलू लागला: “शेषरावभाऊ, दोनशे पान धरा. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, कढी. बसायले सतरंज्या आमच्या. पानी आमचं. अन् हे पाहा, गोडात काय करा, आमच्या सासूबाईले...” आणि गप्प.

“सासूबाईले काय?” एक वाढपी म्हणाला.

“पुन्हा लाव.”

पुन्हा ‘सासूबाईले’ आणि गप्प. सासूबाईंना बुंदी हवी की सोजी, की त्यांना गोड चालतच नाही, कोणालाच कळेना. वाढपी हसून हसून गौऱ्यांवर बसले. आबाजींनी डब्ब्यावर थाप मारली. पुढची ऑर्डर लावली. ती पण अर्ध्यावर तुटली. मी डब्ब्याच्या लाल आकड्यांकडे पाहत होते. अठ्ठावन्न, एकोणसाठ, एक मिनिट, गप्प. तिसरी फाईल. एक मिनिट, गप्प. मी एकामागून एक वीस वाजवल्या. लग्न असो, तेरवी असो, एका मिनिटाच्या पुढे कोणीच बोलत नव्हतं.

मी भट्टीवरून सरळ मनकर्णा आजीच्या घरी पळाले. नत्थुजी घरात नव्हते.

“आजी, सारेच तुटले हायेत! एकटे आबाजी नाही, सारे! एक मिनिट झालं की मशीन तोंड दाबते.”

आजीला निम्मंच कळलं, पण निम्मं पुरलं. “नितेशपाशी पुरा आवाज असन काय?”

“असला तं दुकानात असन.”

“चाल मंग. मी तशीही जाणार होती त्याले लोणचं द्याले.”

दुसऱ्या दिवशी अकोटवरून एसटीने आम्ही अकोल्याला पोहोचलो. आजी वाटभर मांडीवर लोणच्याची बरणी धरून बसली. कंडक्टरने विचारलं, “आजी, काय हाये त्यात?” आजी म्हणाली, “आंब्याचं. तुले नाही.” दुकानात नितेशमामा एकटाच होता. आईला पाहून त्याने स्टूल पुसला. मला पाहून त्याचा हात स्टुलावरच राहिला.

“मामा, त्या फाईली बदलल्या ते सॉफ्टवेअर उघडा ना जरा.”

“कायले? ते काढून टाकलं मी.”

काढलेलं नव्हतं. समोरच पडद्यावर त्याचं चिन्ह होतं. मी माऊस घेतला, तो ‘थांब, थांब’ म्हणेपर्यंत खिडकी उघडली. आत जायच्या आधीच एक पाटी आली, इंग्रजीत: फुकट वापरणाऱ्याला प्रत्येक फाईलचं पहिलं एक मिनिट बदलून मिळेल, पूर्ण पाहिजे तर पैसे भरून विकत घ्या. खाली ‘ओके’चं बटन.

मी ती मराठीत आजीला वाचून दाखवली.

“तू वाचली नाही काय रे ही?” आजीने विचारलं.

“दिवसभर शंभर पाट्या येते, आई. कोण वाचते? ओके दाबाचं.”

शेजारच्या फोल्डरमध्ये आबाजींच्या मूळ फाईली जशाच्या तशा होत्या. अमरच निघाल्या. ‘पोपट’ नावाची एप्रिलची फाईल तीन मिनिटं चाळीस सेकंदांची. मी वाजवली. एक मिनिट झालं, ‘कार्यही’ आलं, आणि आबाजी थांबले नाहीत. ‘चांगलं पार पडते, असं म्हणे तो जठारपेठेतला पाहुणा!’ आजीने बरणी काउंटरवर ठेवली. तो मीठ टाकते, मी चाखतो. नत्थ्या नको असन तं मीही नाही. शेवटचा खालचा आवाजही आला, बुढं लय मनाले लावून घेते.

मी नितेशमामाकडे पाहत होते. ऐकताना माणसाचा चेहरा बदलतो. पुढे काय येणार हे माहीत नसलं तर भुवया वर जातात. त्याच्या गेल्या नाहीत.

“मामा, तुमी ही पुरी आयकली होती.”

“काय?”

“पहिल्यांदा आयकणारा माणूस असा बसत नाही.”

त्याने प्रिंटरमधले कागद सारखे केले. मग पुन्हा सारखे केले. “आठ दिवसांनी आयकली,” तो म्हणाला. “बाबाले पाठवली तवा खरंच अर्धीच आयकली होती, आईशप्पत. मले राग आला, पाठवून दिली. मंग एक दिवस इथं पुरी लावून पाह्यली.”

“अन् चूप बसला?” आजी म्हणाली.

“आई, दोन वर्षापासून म्हणून राहिलो, बाबा, आता भट्टी सोडा, अकोल्याले या. आयकले काय? हात कापते, एखाद्या दिवशी उकळता गंज अंगावर पडीन. आता घरी बसले ना? माह्या हातानं तं काही झालं नाही. आयतंच झालं.”

“आयतं,” आजी म्हणाली. तिने तो शब्द एकदाच उच्चारला, आणि मी तो अजूनही जमवू शकले नाही. कितीदा प्रयत्न केला. मग तिने बरणी उचलून परत पिशवीत घातली. “पोपट, त्या फोनमध्ये घे ते सारं. पुरं घे.”

संध्याकाळच्या आत आम्ही अंजनगावला होतो. आजी नत्थुजींना घेऊन आत गेली आणि दार लावलं. मी ओट्यावर बसून होते. आतून आबाजींचा आवाज येत होता, फोनमधला. दोनदा वाजला. ‘त्याले अजून पत्ता नाही’ हे वाक्य तिसऱ्यांदाही वाजलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी आमच्याकडे आले. कोपऱ्यावरून हाळी दिली नाही, पण दिल्यासारखे तोंड उघडून थांबले, ते मी खिडकीतून पाहिलं. आबाजी अंगणात गौऱ्या उन्हात मांडत होते.

“शेष्या,” नत्थुजी म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. “पुरी भेटली. आयक.”

“राहू द्या. मले माहीत हाये मी काय म्हणलं होतं.”

“नितेशनं... त्या फुकटच्या मशीननं एकच मिनिट घेतलं बे. माही काय चूक? माह्या कानावर अर्धंच आलं.”

आबाजींनी हातातली गौरी उलटी करून ठेवली. “तीस वर्ष झाले नत्थुजी. माह्या गोष्टीत ‘म्हणे’ कुठं येते, हे त्या मशीनले माहीत नव्हतं. तुमाले माहीत होतं.”

नत्थुजी उभेच राहिले. मी आतून ऐकत होते आणि मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी वेगळं वाजतंय. राग नव्हता. आबाजींचा आवाज अगदी नीट होता. ‘तुमाले’ म्हणाले होते ते.

“तुमी-तुमी काय करून राहिला बे? शिवी दे. दोन ठेवून दे.”

“बसा ना. उन्हात कायले उभे हायेत? पोपट, नत्थुजीले चहा ठेव.”

“मले चहा नको, शेष्या.”

“पाणी तरी घ्या.”

मी पाणी नेलं. नत्थुजींनी पेला डाव्या हातात घेतला. मग ते जमिनीकडे पाहत म्हणाले, “तीन वर्ष सावरून राहिला होता? मले सांगतलं नाही?”

“सांगतलं असतं तं तुमी भाजी सोडली असती.”

“रविवारी ऑर्डर हाये म्हणते तुही. येऊ काय?”

“या ना. तुमचंच काम हाये. मी कोण नाही म्हणणारा?”

रविवारी ते आले. साखरपुडा होता, तीनशे पान. वाढपी खूष झाले, दोन नावं पुन्हा एक झाली म्हणून. नत्थुजींनी वांगी चिरून घेतली, फोडणी दिली, आणि त्यांचा जुना सूर लावायला पाहिला: “अबे शेष्या, गौऱ्या ओल्या आणल्या काय? धूरच धूर करून राहिला!” आबाजी म्हणाले, “हो, थोड्या ओल्या हायेत. तुमाले त्रास होते काय? सरकवतो.” आणि खरंच आर दोन हात सरकवला. एक वाढपी हसायला तयार होऊन बसला होता, त्याने तोंड मिटलं.

भाजी शिजली. नत्थुजींनी मिठाची मूठ भरली. हात कढईवर आला आणि कापू लागला. अर्धं मीठ कुठे पडलं, किती पडलं, त्यांनाच कळलं नाही. मग त्यांनी लांब दांड्याचा सराटा रश्शात बुडवला आणि तो तसाच आबाजींपुढे धरला. तीन वर्षं ज्याचा त्यांना पत्ता नव्हता ते आता उघड मागत होते.

“पाहा ना बे जरा.”

आबाजी आरातून रोडगे काढत होते. त्यांनी सराट्याकडे पाहिलं, मग पुन्हा रोडग्यांकडे.

“तुमची भाजी हाये नत्थुजी. तुमीच चाखा.”

नत्थुजींनी चाखली. जिभेवर काय आलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. तेवढे जुने आचारी आहेत ते. “बरोबर हाये ना?” तरी त्यांनी विचारलं.

“तुमाले वाटते तं असन,” आबाजी म्हणाले, आणि रोडग्याची राख झटकू लागले. परातीत त्यांच्या हाताशीच मळलेल्या कणकेचा एक गोळा उरला होता. त्यांनी तो ओल्या फडक्याने झाकला.

पंगत बसली. पहिल्या वाढपानंतर पाणी वाढणारी पोरं धावत आत आली. पाण्याचे सगळे जग रिकामे झाले होते.